वीणा खाली न ठेवता

आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडला लागून विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. आळीतले सगळे त्याला डीपी म्हणतात. पुण्यातल्या वाहत्या रस्त्यावर, तेही पहिल्या मजल्यावर राहत असल्यामुळे रिक्षांचे हॉर्न, पीएमटीच्या ब्रेकची किंचाळी, समोरच्या गॅरेजमधली ठोकाठोक हे सगळं दिवसभर घरात येतंच. या सगळ्याच्या तळाशी डीपीचा हुंकार चालू असतो. तो ऐकू येतो मात्र रात्री साडेअकराच्या पुढे, रस्ता जरा मोकळा झाला की.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मी तंबोरा लावायला बसले होते. माझी पट्टी पांढरी पाच. जोडाच्या दोन्ही तारा मिळाल्या, पंचम मिळाला, खर्ज मात्र काही केल्या लागेना. तार छेडली की सूर सेकंदाला दोनदा फुगायचा आणि दोनदा बसायचा, पाळण्यासारखा. खुंटी पिळली की हेलकाव्यांचा वेग बदलायचा, पण जोडाशी जुळवून परत जागेवर आणलं की पुन्हा तेच. मणी खालीवर करून पाहिला, जवारीचा दोरा सरकवून पाहिला. शेवटी डास येतात म्हणून उठून खिडकी लावली आणि हेलकावे गेले. तेव्हा लक्षात आलं, की तार एकटी बोलत नव्हती. बाहेरून कुणीतरी साथ करत होतं.

हिशोब सोपा आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरमधला लोखंडी गाभा दोनदा किंचित ताणला जातो आणि दोनदा सैलावतो, म्हणून डीपी सेकंदाला 100 कंपनांनी गुणगुणतो. पांढरी पाचचा खर्ज 98 कंपनांचा. दोघांमधलं हे दोनाचं अंतर मला हेलकाव्यांच्या रूपाने ऐकू येत होतं. मी खिडकी पुन्हा उघडली आणि चारही तारा केसभर चढवल्या. हेलकावे मंदावले, लांबत गेले, विरून गेले. त्या रात्री मी गायले नाही, नुसती तंबोरा छेडत तासभर बसून राहिले. डीपी जागच्या जागी होता, त्याचा आवाजही तेवढाच होता. पण इतकी वर्षं कानाला टोचणारी ती गोष्ट आता माझ्या खर्जात येऊन बसली होती.

हे पुस्तक त्या रात्रीपासून सुरू झालं.

पुढे वाचता वाचता कळलं, की न्यूयॉर्कमध्ये 1964 साली काही जणांनी हेच जाणूनबुजून केलं होतं. संगीतकार ला माँट यंग यांनी घरात कासव पाळलं होतं. त्या कासवाच्या टाकीची मोटर अमेरिकेतल्या 60 आवर्तनांच्या विजेवर गुणगुणत असे. यंग, त्यांच्या पत्नी मेरियन झझीला, व्हायोलिन वाजवणारे टोनी कॉनरॅड आणि व्हायोला वाजवणारे जॉन केल ही मंडळी त्या मोटरच्या सुराला आधार मानत, त्याच्याशी आपापले सूर मिळवत आणि ते सूर तासन्‌तास धरून ठेवत. यातून घडलेल्या दीर्घ रचनेच्या नावातसुद्धा कासव आलं आहे. मला ही हकिकत वाचून फार जवळचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी ज्या गोष्टीपाशी डास आणि खिडकीमुळे पोचले, तिथे हे लोक विचारपूर्वक गेले होते. आणि त्यांना वाट दाखवणारं वाद्य तंबोराच होतं.

ध्वनिकला हा शब्द मराठीत अजून नीट रुळलेला नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. मैफलीला सुरुवात असते, शेवट असतो, मधे चहा असतो. कलावंत समोर बसलेला असतो आणि त्याच्या वेळेनुसार आपण ऐकतो. ध्वनिकलेत आवाज एखाद्या जागी ठेवलेला असतो, देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती असते तसा. तो तिथे असतोच. आपण आत जायचं, हवं तितका वेळ थांबायचं आणि निघायचं. या कलेच्या अनेक शाखा जगभर आहेत. या पुस्तकात मी त्यातल्या एकाच धाग्यामागे गेले आहे: भारतीय संगीतातून निघून गजबजलेल्या शहरांत जाऊन बसलेला धागा.

‘भारतीय संगीतावर आधारित शांत करणारा ध्वनी’ म्हटलं, की हल्ली डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. पावसाचा आवाज, त्यावर बासरीचे चार स्वर, मधेच एखादी सतार, मोबाइलच्या पडद्यावर कमळ. अमुक रागाने रक्तदाब उतरतो आणि तमुक कंपनसंख्येने पेशी दुरुस्त होतात, असे दावे त्याच्या जोडीला असतात. त्या वाटेला हे पुस्तक जात नाही. ज्यांनी या विषयात खरोखर आयुष्य घातलं, त्यांनी आपल्याकडून राग उचलून पार्श्वभूमीला लावला नाही. त्यांनी तंबोरा नेला. मैफलीत गायकाच्या मागे असलेलं, ज्यावर कुणी टाळी देत नाही असं हे वाद्य. त्यांनी ते पुढे आणून बसवलं आणि विचारलं, की फक्त एवढंच ऐकत राहिलं तर माणसाचं काय होतं?

यंग यांचा जन्म 1935 चा, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बर्न नावाच्या लहानशा गावातला. ओंडक्यांच्या घराच्या फटींतून शिरणारा वारा, टेलिफोनच्या खांबांचा आणि ट्रान्सफॉर्मरचा हुंकार हे आपले पहिले सूर, असं ते सांगत आले आहेत. म्हणजे त्यांच्याही बालपणात एक डीपी होताच! 1957 च्या सुमाराला त्यांनी सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांनी सुरुवातीला चार शब्द बोलून ओळख करून दिलेली ही मुद्रिका 1955 साली निघाली होती आणि आपलं रागसंगीत पाश्चात्त्य घरांत पोचवणाऱ्या पहिल्या मोठ्या मुद्रिकांपैकी ती एक. त्यात ओळख करून देताना तंबोरा एकटा ऐकवला आहे. बहुतेकांनी त्यानंतरची सरोद ऐकली. यंग यांचं लक्ष तंबोऱ्यात अडकलं.

तीन वर्षांनी, 1960 मध्ये, त्यांनी एक रचना लिहिली. तिच्यात दोनच स्वर आहेत आणि ते खूप वेळ धरून ठेवावेत एवढीच सूचना. पाश्चात्त्य नावांनी ते स्वर बी आणि एफ शार्प. आपल्या कानांनी ऐकलं तर षड्ज आणि पंचम. कागदावर ही रचना दोन टिंबांएवढी दिसते, आणि तिच्यात काय आहे असं विचारणारे लोक मला आजही भेटतात. अशांना मी विनंती करते, की पंधरा मिनिटं ती ऐका. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो. सातव्या-आठव्या मिनिटाच्या आसपास त्या दोन स्वरांच्या पोटातून तिसरा, चौथा स्वर दिसू लागतो. आपल्याकडे तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो तसाच हा प्रकार. कुणी वाजवत नाही आणि तरी तो असतो.

माझ्या गाण्याच्या बाईंनी मला पहिले कित्येक महिने हेच करायला लावलं होतं.

“लागला का तंबोरा?”

“लागला, बाई.”

“मग ऐक. गायची घाई करू नकोस. गंधार दिसला की सांग.”

‘ऐकू आला’ असं त्या कधी म्हणत नसत. ‘दिसला’ म्हणत. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मला गंधार दिसायला जवळजवळ दोन महिने लागले. तो दिसला त्या दुपारी खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, हे मला आजही आठवतं. तो ओरडतोय हे कळत होतं, पण त्याच्यामुळे काही बिघडत नव्हतं.

तंबोऱ्यात हे होतं कसं, याचा पत्ता चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लावला, आणि तो नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी, 1921 मध्ये. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असतो तो उपस्वर निघू नये, असा युरोपात मानलेला नियम होता. तंबोरा हा नियम मोडतो, असं रामन यांनी दाखवलं. कारण घोडीचा माथा सपाट-वक्र असतो आणि त्यावर तारेखाली सुताचा दोरा असतो. तार थरथरताना त्या माथ्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि उपस्वरांचा सगळा पिसारा उलगडत नेते. हीच जवारी. दोरा जागेवर बसला की तंबोरा बोलतो. नखाएवढा सरकला की मुका होतो. शेकडो वर्षं कारागिरांच्या बोटांना ठाऊक असलेली ही गोष्ट भौतिकशास्त्राने नंतर लिहून घेतली.

आता या कथेत महाराष्ट्र येतो, आणि तो मागच्या दाराने येत नाही. यंग आणि झझीला यांना गुरू भेटले ते पंडित प्राणनाथ. 1918 साली लाहोरला जन्मलेले, गाण्यासाठी तेराव्या वर्षी घर सोडलेले आणि किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांची वर्षानुवर्षं सेवा करून शिकलेले. वहीद खाँसाहेबांना ऐकायला कमी येत असे. ‘बहिरे वहीद खाँ’ अशीच त्यांची ओळख होती. विलंबित ख्यालाला ज्या माणसाने एकेका सुराने पुढे सरकणारी बढत दिली, त्याच्या कानांपर्यंत बाहेरचं जग अस्पष्टच पोचत होतं, हे मला विलक्षण वाटतं. वहीद खाँसाहेबांची तालीम झाली कोल्हापुरात, हैदर खाँ यांच्याकडे. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर त्यांच्याकडे शिकले. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जो सूर जाऊन बसला, त्याच्या मुळाची एक फांदी पंचगंगेच्या काठी वाढली आहे, आणि हिराबाईंच्या रूपाने तोच सूर पुण्याच्या दिवाणखान्यांतही घुमला आहे.

घराण्याचे दुसरे आधारस्तंभ अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले आणि त्यांचं थडगंही तिथेच, ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांचा शेवट सगळ्यांना माहीत असतो, पण या पुस्तकाच्या संदर्भात तो पुन्हा सांगावासा वाटतो. ऑक्टोबर 1937 मध्ये ते पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं आणि ते सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहान स्टेशनावर उतरले. रात्रीच्या फलाटावर अंथरूण घालायला लावलं, आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना करत प्राण सोडला, असं त्यांचे शिष्य सांगत आले. रेल्वेचा फलाट म्हणजे हमाल, शिट्ट्या, वाफ. त्या जागी त्यांनी आपल्यापुरती दरबारीची खोली उभी केली.

प्राणनाथ काही वर्षं डेहराडूनजवळच्या टपकेश्वरच्या गुहेत राहिले. तिथे ओढ्याचं पाणी अखंड वाहतं, आणि त्या आवाजाच्या संगतीत ते गात. पुढे दिल्ली विद्यापीठात शिकवलं. त्यांची गायकी अतिशय संथ, सजावट जवळजवळ नाही. आपल्याकडे तिला मोठा श्रोतृवर्ग लाभला नाही, हे मान्य करायला हवं आणि त्याची खंतही वाटायला हवी. 1970 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. यंग, झझीला आणि संगीतकार टेरी रायली त्यांचे गंडाबंध शिष्य झाले, आणि यंग-झझीला यांच्याच घरी ते वर्षानुवर्षं राहत. शिष्य पहाटे उठून तंबोरे लावत. गुरुजींना ते पसंत पडेपर्यंत तालीम सुरू होत नसे. 1999 साली, प्राणनाथांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, या दोघांनी गुरूला वाहिलेली एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात गाणं नाही. तासाहून अधिक वेळ फक्त तंबोरे आहेत.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र मुद्रिकेत मावत नाही. ते एका खोलीत आहे. ‘ड्रीम हाउस’ची कल्पना साठच्या दशकातली, काही काळ ते इतर जागांतही होतं. 1993 पासून ते न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर, 275 क्रमांकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. पुतणीकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा मी तिथे गेले. पाचच मिनिटांच्या अंतरावर कनाल स्ट्रीट, तिथल्या ट्रकांची आणि फेरीवाल्यांची गर्दी आपल्या लक्ष्मी रोडला लाजवेल अशी. दाराची बेल वाजवून जिना चढायचा. अर्ध्या जिन्यातच पायांना थरथर जाणवते. वर गेल्यावर चपला काढायच्या. पांढरा गालिचा, दोन-चार उशा, झझीला यांनी योजलेला गडद जांभळट-गुलाबी उजेड, कोपऱ्यांत माणसाहून उंच स्पीकर. बास, एवढंच.

आत पाऊल टाकलं तेव्हा मला धक्का बसला, कारण तो आवाज मोठा आहे. चांगला मोठा. मी शांतता शोधत आले होते आणि समोर भिंतीसारखा उभा असलेला नाद होता. सुरुवातीची काही मिनिटं मला परत फिरावंसं वाटलं, आणि काही लोक खरंच परत फिरतात. मग मी बाईंचं ऐकलं. बसले आणि गंधार शोधू लागले.

त्या खोलीतले स्वर तंबोऱ्यासारखे नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवं. तंबोऱ्याची एक तार छेडली की अनेक उपस्वर निघतात. इथे उलटी रीत आहे: उपस्वर नसलेले, अगदी सडे स्वर यंत्रातून काढलेले आहेत, आणि एकमेकांशी पूर्णांकांच्या गुणोत्तरात बांधून तेवढे सगळे एकदम, अखंड लावून ठेवलेले आहेत. तंबोरा जणू उकलून त्याचा एकेक धागा खोलीत ताणून बसवला आहे. सडा स्वर खोलीत भरला की भिंतींवरून परतून स्वतःलाच भेटतो, काही जागी दुणावतो आणि काही जागी मावळतो. त्यामुळे खोलीतल्या प्रत्येक टीचभर जागेत वेगळा स्वरमेळ आहे. मान डावीकडे वळवली तर वरचा एक स्वर लकाकून जातो. पुढे वाकलात तर खालून दुसरा वर येतो. चालायला लागलात तर स्वरावली सुरू होते, आणि ती तुमच्या चालण्याने सुरू झालेली असते. थांबलात तर सगळं थांबतं, एका जागी लकाकत राहतं.

हे कळल्यावर मी अगदी हलकेच मान फिरवत राहिले, तंबोऱ्याचा मणी सरकवावा तशी. एका ठिकाणी मला माझा स्वर सापडला. तिथे मान ठेवली आणि ती हलू नये म्हणून श्वास लहान झाला. शहराची सवय अशी आहे, की हललं तर काहीतरी मिळतं: हिरवा दिवा, लोकलची जागा, पुढचा मेसेज. त्या खोलीत स्वर टिकवायचा तर हलायचं नाही, आणि ही अट कुणी सांगत नाही, ती कानाला आपोआप पटते. मधेच खालच्या रस्त्यावरून अग्निशमन दलाची गाडी सायरन वाजवत गेली. न्यूयॉर्कचा सायरन अंगावर येतो. इथे तो जांभळ्या पडद्याआडून आत आला, वर सरकताना खोलीतल्या एका स्वराला लागला, क्षणभर त्याच्याशी जुळला आणि पुढे गेला. मला डीपीची रात्र आठवली आणि मी हसले. बाहेर आले तेव्हा दोन तास झाले होते आणि कनाल स्ट्रीटचा गोंगाट मला स्वरास्वरांनी सुटा ऐकू येत होता.

2024 च्या मार्चमध्ये मेरियन झझीला गेल्या. गुरूंच्या पश्चात त्यांचा सूर तसाच ठेवणाऱ्या दोघांपैकी एक हात कमी झाला. त्यांच्या शिष्या जुंग ही चोई हे काम पुढे नेत आहेत.

ड्रीम हाउसमधून परतताना मला सारखी एक गोष्ट आठवत होती, आणि तिचा यंग यांच्याशी काही संबंध नाही. ही जोड माझी आहे. माझ्या आजोळी, नगर जिल्ह्यात, दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. रात्री तीनला ज्याचा पहारा असेल तो गळ्यात वीणा घेऊन मंडपात उभा असतो, तार छेडत असतो, आणि पुढचा माणूस येऊन त्याच्या पाया पडून वीणा घेतो तेव्हा मधल्या क्षणातही तार बोलती राहते. मंडपात कीर्तन असो, पंगत असो, लाइट गेलेली असो. लहानपणी पहाटे जाग आली की मी आधी ती तार ऐकू येते का बघायची. ती असायची. मग पुन्हा झोप लागायची. न्यूयॉर्कच्या त्या खोलीपुढे आपण बिचकून उभं राहायचं कारण नाही. अखंड चालणारा सूर गावच्या मधोमध कसा ठेवायचा, हे आपल्या आजोबांना नेमकं माहीत होतं, आणि त्यासाठी माणसं रात्रीची झोप वाटून घेत होती.

आपल्याकडच्या आणखी एका पानाची आठवण इथेच करून ठेवते, कारण ते पान फार कमी जणांना माहीत आहे. 1946 मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या पखवाज वाजवत. तिथे त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. संगीत कशासाठी, या केज यांच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंचं म्हणणं सांगितलं: मन निवावं, शांत व्हावं, आणि त्यात दैवी गोष्टींना जागा व्हावी. केज यांनी हे उत्तर आयुष्यभर जवळ ठेवलं. पुढे 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला, आणि गीताबेनसह पाच भारतीय संगीतकारांनी तिथे काम केलं. त्या फिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशकं पडून होत्या. त्यांतल्या काही 2023 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकताना मला सारखं वाटत होतं, की हे काम तेव्हा अखंड चालू राहिलं असतं तर आज ही प्रस्तावना लिहायला मला चर्च स्ट्रीटपर्यंत जावं लागलं नसतं.

आता शहराविषयी. ध्वनिकलेच्या नावाखाली गोंगाटाला माफी द्यायची नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. माझ्या बाल्कनीत कुठल्याही साध्या संध्याकाळी ती ओलांडली जाते आणि डॉल्बीच्या भिंती रस्त्यावर उतरल्या की खिडकीच्या काचा बोलू लागतात. हे थांबवायचं काम कायद्याचं, पोलिसांचं आणि आपलं आहे. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी काही चौकांत हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावला होता. 2020 च्या सुरुवातीला त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. ते मला कुठल्याही ध्वनिशिल्पाइतकंच कल्पक वाटलं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागते. शांततेच्या नावाने शहरात आणखी आवाज ओतला जातो. आमच्या भागातल्या एका बागेत दोन वर्षांपूर्वी खांबाखांबावर स्पीकर बसवले. पहाटे सहाला बासरी सुरू होते, आठच्या सुमाराला भजनं. हेतू चांगलाच होता. पण त्या बागेत आधी बुलबुल आणि दयाळ ऐकू येत, आणि त्यांच्यासाठीच आम्ही तिथे जात होतो. बागेत चालणाऱ्या माणसाला ती बासरी बंद करता येत नाही, तिच्या जवळ जाता येत नाही, तिच्यापासून दूरही होता येत नाही. तंबोरा असा कधीच वागत नाही. तो हाताच्या अंतरावर असतो, ऐकणाऱ्याला त्याच्याकडे झुकावं लागतं.

म्हणूनच मला ध्वनिकलावंत मॅक्स न्यूहाउस यांचं न्यूयॉर्कमधलं काम फार आवडतं, जरी त्याचा भारतीय संगीताशी थेट धागा नाही. टाइम्स स्क्वेअरमध्ये, रस्त्याच्या मधल्या बेटावर, पायाखालच्या लोखंडी जाळीतून घंटेच्या घुमाऱ्यासारखा एक नाद येत राहतो. 1977 मध्ये बसवला, 1992 मध्ये बंद झाला, 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथे पाटी नाही, नाव नाही. हजारो लोक त्या जाळीवरून जातात आणि त्यांना काही कळत नाही. एखादा थबकतो, खाली बघतो, पुन्हा दोन पावलं मागे येतो.

पुढच्या प्रकरणांत ड्रीम हाउस, किराण्याचा षड्ज, अहमदाबादच्या फिती आणि सप्ताहाची वीणा हे विषय सविस्तर येतील. त्यांत मी माझे काही प्रयोगही नोंदवले आहेत: पुण्यातले बारा डीपी आणि त्यांचे सूर, दादर स्टेशनच्या पुलावर मध्यरात्री ऐकलेला एक तास, आणि घरातल्या फ्रिजशी तंबोरा मिळवण्याची रीत. वाचकांनी तंबोरा नसेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्यावा, फोनवरचाही चालेल. फक्त त्याबरोबर गाऊ नये, काम करू नये, डोळे मिटून पंधरा मिनिटं बसावं. खिडकी उघडी ठेवावी.

पुस्तकाचा शेवटचा भाग लिहिण्याआधी मी मिरजेला गेले होते. शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून वाद्यं करायला घेतली, तेव्हापासून इथली सतारमेकर गल्ली चालू आहे, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या तंबोऱ्याची जवारी काढायची होती. ज्यांच्याकडे दिला ते सत्तरीचे होते. गल्ली अरुंद, दुचाकी सतत जात होत्या, शेजारच्या दुकानात भोपळा घासायचं काम चाललं होतं. त्यांनी घोडीवर कानस फिरवली, फुंकर मारली, तार चढवली, तारेखाली सुताचा दोरा घातला आणि करंगळीच्या नखाने तो पुढे ढकलत राहिले. प्रत्येक वेळी तार छेडायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे.

एवढ्या आवाजात कसं कळतं, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना प्रश्न ऐकूच आला नसावा. तेवढ्यात एक टेम्पो रिव्हर्स घेत गल्लीत शिरला, त्याचा भोंगा वाजू लागला. म्हाताऱ्यांनी नख दोऱ्यावर तसंच ठेवलं, तार छेडली, आणि दोरा उगाच हलल्यासारखा वाटेल इतकाच पुढे सरकवला. तंबोरा बोलला. त्यांनी तो माझ्याकडे न पाहता माझ्या कानाशी धरला. टेम्पो अजून वाजत होता, आणि त्याच्या आतून, अगदी स्वच्छ, मला गंधार दिसला.